लाल टोक, निळं टोक

३ मे

सांडली! बॅटरी सांडली. तीही दोराच्या खणात!

रात्री पाय लांब करता यावेत म्हणून मी ती जुनी बॅटरी (आमचा दिवा आणि मोबाईल तिच्यावरच चालतात) उचलून गाडीच्या मागच्या खणात दोराशेजारी ठेवली. बॅटरी आणि दोर एका खणात कधीही ठेवायचे नाहीत, हे आम्हाला कडे चढायला शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी दरडावून सांगितलं होतं. ‘आम्ल लागलेला दोर वरून नवाकोरा दिसतो. आतून गेलेला असतो.’ पाठ आहे मला. आणि तरी! पाय लांब करायचे होते ना बाईसाहेबांना!

सकाळी बघते तर बॅटरी आडवी, आणि दोराच्या लाल टोकाशी, जिथे लाल पट्टी गुंडाळलीय तिच्या जरा वर, वीतभर ओलं. हुंगून पाहिलं. तोच वास. दादा नळावर दात घासत होता. पटकन धुतलं, पुसलं, वरून आणखी लाल पट्टी गुंडाळली.

दुपारी सांगते.

४ मे

नाही सांगितलं.

५ मे

वाऱ्याने शेगडी बाहेर टिकेना, म्हणून दादाने ती गाडीतच पेटवली. मी कपडे धुऊन आले तर गाडीभर धूर, चारही दारं सताड उघडी, आणि हा पातेलं घासतोय. स्वतः! न सांगता! ‘भात लागला जरा,’ म्हणाला. प्लास्टिक जळाल्यासारखा वास होता, म्हटलं मूठही गेली असेल. भात तसा बरा होता.

आजही सांगायचं राहिलं. त्याचा चेहराच असा पडलेला, की तोंड उघडवेना.

६ मे

का सांगत नाही, ते इथे तरी खरं लिहू.

सांगितलं की हा उन्हाळा संपला. नवा दोर घ्यायचा तर पेट्रोलला काही उरत नाही, मग गाडी वळवून सरळ घर. आणि पुढचा उन्हाळा नाहीच. वहिनीला पाचवा महिना. तिनेच याला ढकललं – ‘जा बाबा एकदाचा, घरात येरझाऱ्या घालू नकोस.’ निघतानाच दादा म्हणाला, ‘ठमे, हा शेवटचा.’ बारा वर्षं आम्ही एका दोरावर चढतोय. रस्त्याच्या पार शेवटाला बोका आहे – दोन कानांची ती उंच भिंत. दोनदा खाली उभं राहून परत आलो. या वेळी तरी!

टोक कापून टाकावं तर आधीच जेमतेम असलेला दोर तोकडा होणार, आणि बोक्यावरून उतरताना पुरायचा नाही. शिवाय कापला की विचारणार, का कापला.

तेव्हा ठरलं. लाल टोक माझं. जे व्हायचं ते मला होईल, त्याला नको.

‘दादा, यापुढे लाल टोक मी बांधणार हं.’ मी भांडायच्या तयारीतच होते. हा माणूस पावाच्या कडेवरूनही भांडतो! तर म्हणाला, ‘घे की. मी निळं घेतो.’ बस्स, एवढंच. बाप होणार म्हटल्यावर शहाणपण येतं वाटतं.

९ मे

पहाटे चढतो, दहाला खाली. नंतर दगडाला हात लावायची सोय नाही. दिवसभर गाडीच्या सावलीबरोबर सरकत बसायचं. सकाळी पश्चिमेला, दुपारनंतर पूर्वेला. पाव, उकडलेले बटाटे, अंडी. पुन्हा बटाटे.

कमरेच्या हार्नेसला लाल टोकाची गाठ मारते, सोडते, पुन्हा मारते. गाठ नेहमी एकमेकांची तपासायची, ही आमची जुनी शिस्त. तो माझी बघतो, ओढतो, ‘बघितली’ म्हणतो. मी त्याची. गाठ चांगलीच असते हो! गाठीच्या वरचं कोण बघणार?

१४ मे

आता आहोत बंद पडलेल्या खाणीमागे. राखणदार भला माणूस. ‘कचरा केला नाहीत तर मी तुम्हाला पाहिलंच नाही,’ म्हणाला. नळ आहे, झाड आहे. चैन!

आज भांडण. दोर गुंडाळण्यावरून! बारा वर्षं हे काम आम्ही एकमेकांवर ढकलत आलो. गुंडाळताना त्याने नीट बघितलं तर, या भीतीने मी म्हटलं, ‘ठेव, मी गुंडाळते.’ तर म्हणे, ‘तू बस, दमलीस, मी करतो.’ ‘मी करते!’ ‘अगं मी करतो म्हटलं ना!’ दोघांनी दोन टोकं धरलेली, आणि राखणदार शेंगदाणे खात बघतोय. ‘एवढी कामसू पोरं आमच्या घरात नाहीत,’ म्हणाला.

शेवटी निम्मा त्याने गुंडाळला, निम्मा मी.

१५ मे

चढलो नाही. बसवत नाही, झोपवत नाही. खाणीभोवती सात फेऱ्या मारल्या.

२२ मे

वहिनीचा फोन. दादाशी पाचच मिनिटं बोलली, मग मला मागितलं. ‘तो धड सांगत नाही. सगळं ठीक आहे ना तिकडे?’

‘हो गं.’

‘त्याला नीट परत आण हं. तुझ्या भरवशावर पाठवलाय.’

‘आणते.’

फोन ठेवला आणि गाडीमागे जाऊन बसले. उन्हामुळे, असं दादाला सांगितलं.

गंमत म्हणजे आम्ही दोघे आयुष्यात इतकं सांभाळून कधी चढलो नव्हतो. पूर्वी हा वर पोचला की मुद्दाम हात सोडायचा, मजा म्हणून लटकायचा. आता प्रत्येक पकड तीन-तीनदा चाचपतो. म्हटलं, ‘काय रे, घाबरट झालास?’ ‘हो,’ म्हणाला. नुसतं हो!

२९ मे

पडले.

पाय सटकला. फार नाही, दोन पुरुष खाली, पण सगळं वजन लाल टोकावर आलं. मी डोळे मिटले. आणि थांबले! दोर टिकला. लटकल्या लटकल्या हसायलाच लागले, थांबता थांबेना. खालून दादा ओरडला, ‘हसतेस काय, मूर्ख!’

म्हणजे काही झालंच नव्हतं की काय? पाण्याचाच डाग असेल? दिवसभर गाणी म्हटली.

३० मे

एकदा टिकला म्हणजे दुसऱ्यांदा टिकेल, असं कुणी सांगितलं? सरांचा आवाज डोक्यातून जात नाही. गाणी बंद.

३ जून

आज दादा पडला. जेमतेम हातभर. निळ्या टोकावर होता, म्हणून मी निर्धास्त. खाली आला तर पांढराफटक. बूटसुद्धा काढले नाहीत, दगडावर बसला आणि रडला. दादाला रडताना मी शाळेनंतर पाहिलं नव्हतं.

‘काय झालं रे?’

‘काही नाही. पोराचं तोंड बघायचंय मला.’

मी पाठीवरून हात फिरवत बसले. म्हटलं बरंच झालं लाल माझ्याकडे आहे ते. खरंच, देवाची शपथ, तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला.

७ जून

बोक्याखाली पोचलो. समोर उभा आहे, कान टवकारून. उद्याचा दिवस थंड आहे. उद्या नाही गेलो तर नंतर दगड तापणार, मग नाहीच.

दादा सामान लावतोय. मी गाडीमागे बसून हे लिहितेय. एक गोष्ट इतक्या दिवसांत सुचली नव्हती, ती आज सुचली. वर पाचव्या टप्प्यावर माझं टोक तुटलं, तर मी गेले, ठीक. पण दादा? तो तिथे एकटा, हातात तुटका दोर, खाली उतरायची सोय नाही. आणि उतरलाच, तर जन्मभर म्हणणार की दोर मी धरला होता. मी त्याला वाचवत नव्हतेच. मला फक्त बोका हवा होता. आणि तो हातचा जाईल म्हणून मूग गिळून बसले होते.

उद्या चहाबरोबर सांगायचं. गाठ मारायच्या आधी. नक्की.

८ जून

सांगितलं. सगळं, बॅटरीपासून. दादा हसला. पोट धरून हसला!

उठला, निळं टोक घेऊन आला आणि पट्टी सोडायला लागला. एकावर एक, संपेचना. इतकी पट्टी मी कधी गुंडाळली नव्हती. खाली दोर काळा, वितळून दगडासारखा कडक झालेला.

‘शेगडीवर पडला होता,’ म्हणाला. ‘सांगितलं असतं तर तू परत फिरली असतीस. म्हटलं निळं आपण घेऊ.’

चाकूने दोन्ही टोकांचे हात-हात तुकडे कापले. एकेका तुकड्यावर पाय देऊन ओढलं. लाल पहिल्याच झटक्याला तुटलं. निळं दुसऱ्याला.

वहिनीचा फोन वाजतोय. दोघांपैकी कुणीच उचलत नाही.