जामण

सोमवार, १ डिसेंबर २०२५

आज आले, आणि घर मला आवडलं. मारवाड्याचं घर म्हणजे अंधारं, कोंदट असेल असं वाटत होतं. तर हे निघालं शहाद्याच्या एस.टी. स्टँडमागचं सिमेंटचं, चकचकीत फरशीचं. खाली नवलभाऊंचं कापडदुकान, वर ते आणि त्यांच्या बायको रूपलभाभी. मुलगा मयंक सुरतेला आहे. तो परत येत नाही आणि लग्नाचं नावही काढत नाही म्हणे.

भाभींनी कादंबरी लिहिलीय, ती मी टाइप करायची. वह्या घराबाहेर न्यायच्या नाहीत, म्हणून दोन आठवडे मुक्काम इथेच. माझा नवरा गोकुळ उसाच्या ट्रकवर असतो, हंगाम संपेपर्यंत त्याचं तोंड दिसायचं नाही. पोरगी तेजल प्रकाशा गावी, माझ्या मायजवळ. निघताना गळ्यात पडून रडली, तेव्हा चौदा तारखेच्या रविवारी सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे दाखवीन असं कबूल केलं. सहा वर्षांची आहे, वरचा पुढचा दात पडलाय, आणि घोड्यांचं भारी वेड.

खरं सांगू? मला हाव सुटलीय ती वेगळीच. पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘अक्षरजुळणी : सोनम पाटील’ असं छापून येणार. आजवर लग्नपत्रिकांवर जगाची नावं टाइप केली, माझं कुठे आलं? ती ओळ मी सगळ्यात आधी टाइप करून टाकली. भाभींनी मला एक कोरी वही दिली आणि रोज काहीतरी लिहीत जा म्हणाल्या. ही तीच वही.

बुधवार, ३ डिसेंबर

कादंबरी भलतीच आहे बाई! चार वह्या, चार भाग. पहिली दौत-टाकाने लिहिलेली, दुसरी शिसपेन्सिलीने, तिसरी शाईपेनाने, चौथी बॉलपेनाने. अक्षरंही चार तऱ्हेची. भाभी म्हणाल्या, कादंबरी प्रयोगशील आहे. मी मान हलवली, मला काय कळतंय!

एकाच घरात एकीमागून एक आलेल्या चार सुना. पहिलीच्या वेळी सासरे हुकमीचंद, त्यांच्या कापसाच्या दोन जिनिंग. दुसरीच्या वेळी एक. तिसरीच्या वेळी कापडाची पेढी, सहा नोकर. चौथीच्या वेळी अर्ध्या शटरचं दुकान. पुरुषांची नावं आहेत, त्यांच्या गायीचंही आहे. बायकांपैकी एकीचंही नाही, चौघी नुसत्या ‘मी’. आणि दर भाग आधीच्या भागाच्या शेवटच्या वाक्याने सुरू होतो. मी म्हटलं, भाभी, वाचणारा गोंधळेल ना, कोण बोलतंय ते कळणार नाही. त्या म्हणाल्या, आम्हीही गोंधळलो.

नवलभाऊसुद्धा बायकोचं नाव घेत नाहीत. जिन्यातून ‘सुणो हो!’ अशी हाक देतात की चहा खाली. मला जाम हसू येतं.

शुक्रवार, ५ डिसेंबर

दिवेलागणीला भाभींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. बोटाला चिंधी बांधलेली, म्हणे विळीने कापलं, तेवढं दही लावून दे. विरजणाला हे लोक जामण म्हणतात. यांचं जामण पहिल्या सुनेने मारवाडातून कापडाला माखून, वाळवून आणलेलं. तेव्हापासून एक दिवस मोडलेलं नाही, आणि घरच्या बाईशिवाय कुणी हात लावलेला नाही. मला तर मानच वाटला. कोमट दुधात चमचाभर सोडलं, ढवळलं, झाकण ठेवलं. वळून पाहते तर भाभी फरशीवर बसून हुंदके देत होत्या.

शनिवार, ६ डिसेंबर

भाभी सकाळपासून गाणं म्हणतायत. कालपासून त्यांना त्यांच्या आईचा चेहरा आठवतोय म्हणे, लग्नानंतर सत्तावीस वर्षांनी. कुणी आईचा चेहरा विसरतं का? बोटाची चिंधी सुटलेली होती. बोट धडधाकट.

काम झपाट्याने चाललंय. इतकं की दुपारी वही मिटलेली होती आणि मी टाइप करतच होते. नंतर ताडून पाहिलं. शब्द न् शब्द बरोबर होता.

थकवा असेल. उद्या जरा आराम करते.

सोमवार, ८ डिसेंबर

संध्याकाळचं दही आता मीच लावते. कुणी सांगत नाही, वेळ झाली की हात आपोआप जातो.

तेजलचा फोन आला. कव्हय येशी, कव्हय येशी, कधी येणार याचा एकच धोशा. मग मायने फोन घेतला. म्हणाली, तुन्हा आवाज असा कसा व्हई ग्या? तू हाई काय बोली ऱ्हायनी, पोरी?

मी मारवाडी बोलत होते. मायशी! मला मारवाडी येत नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

भीती वाटतेय. सरळ लिहिते, भीती वाटतेय.

दुपारी जिन्यातून ‘सुणो हो!’ आलं, आणि मी चहा घेऊन खाली गेले. नवलभाऊंनी मान वर न करता कप घेतला. साखर बरोबर आहे म्हणाले. ते किती साखर घेतात, मला कुणी सांगितलं नव्हतं.

आज चौथ्या वहीचं शेवटचं पान टाइप केलं. खाली तारीख दिवाळीआधीची. शेवटचं वाक्य आहे, ‘आज आले, आणि घर मला आवडलं.’

या वहीचं पहिलं पान उघडून पाहिलं. तेच. माझ्या अक्षरात.

बुधवार, १० डिसेंबर

भाभी गेल्या. एक पिशवी घेऊन, माहेरी. जाताना माझे हात धरून रडल्या. म्हणाल्या, मी फक्त चौथी वही लिहिली, आधीच्या तिघी खऱ्याच होत्या. मयंक सून आणीना, मी किती वर्षं वाट पाहू? जामण कुणाच्या तरी हाती द्यावंच लागतं, त्याशिवाय सुटका नाही. मला माफ कर, सोनम.

मी म्हटलं, तुमच्या माफीला काय चाटू? माझी पोर आहे घरी!

नवलभाऊंनी त्यांना जाताना पाहिलं. मग वर आले, मला म्हणाले, रात्रीला कढी कर.

गुरुवार, ११ डिसेंबर

स्टँडवर गेले. प्रकाशाची गाडी लागलेली. एक पाय पायरीवर. आणि मनात आलं, दूध गॅसवर आहे, दिवेलागण झाली—

घरात होते. झाकण ठेवत होते.

शुक्रवार, १२

भांडं मोरीत ओतायला घेतलं. हात धजेना. कुणी जिवंत आत आहे असं— चौघी— ओतलं नाही. मेली मी, ओतलं नाही.

विसरायच्या आत लिहून ठेवते. तेजल. सहा वर्षं. वरचा पुढचा दात. घोडे. रविवारी. तू सोनम आहेस. सोनम. प्रकाशाची.

शनिवार

कॉम्प्युटरवर पहिलं पान उघडलं. अक्षरजुळणी, आणि पुढे— कोरं. तिथे काहीतरी होतं ना? कुणाचं तरी—

माहेर कुठलं माझं? नदी होती. तापी की— वाळू. उंटही होते. नव्हते? मायचा चेहरा— ओढणी पुढे ओढलेली, दिसत नाही—

रविवार

दही छान लागलंय.

दारात एक म्हातारी आणि एक पोर. म्हातारी रडतेय, तिची बोली कळत नाही. पोर माझी ओढणी सोडत नाही, घोडे घोडे करते. वरचा पुढचा दात नाही. या वहीत मागे कुणीतरी असंच लिहून ठेवलंय, कुणाचं अक्षर कोण जाणे. गोड पोर आहे. आई चुकलीय बिचारीची. ओढणी सोडवून घेतली, पाणी दिलं, समजावलं, बेटा, उन्हात थांबू नकोस, दुसरीकडे विचार, इथे सोनम नावाचं कुणी—