पाच एक्केचाळीस आणि सहा तीनच्या मधे

प्रिय बयो,

तू तीन आठवडे माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. मेसेजमध्ये मावेल असं हे नाही, आणि तुझ्या दारात उभं राहून बोलायची सोय मी माझ्या हातानेच घालवली आहे. शेवटपर्यंत वाच. मधेच राग आला तर घडी घालून ठेव, पण उरलेलं नंतर वाच.

भिंगरीला तुझ्याकडे पोचवायला निघाले, तेव्हा तिचा टॅब मी विसरले नव्हते. स्वयंपाकघराच्या खालच्या खणात, पुसायच्या फडक्यांखाली मी तो स्वतः ठेवला आणि गाडी सुटल्यावर कपाळाला हात लावून विसरल्याचं नाटक केलं. तुझ्या लेकीने ते पाच मिनिटंही चालू दिलं नाही. निघण्याआधी हात पुसायला तिने फडकं काढलं होतं आणि खाली टॅब पाहिला होता. तरी ती बोलली नाही, कारण आजीने ठेवलाय म्हणजे काहीतरी गंमत असणार असं तिला वाटलं. सोळा तासांचा प्रवास, जवळ टॅब नाही, आणि आजी धडधडीत खोटं बोलतेय हे कळल्यावर तिने एकच अट घातली. मग तूही काही करायचं नाहीस. माझं विणकाम आणि शब्दकोड्याचं पुस्तक तिने पिशवीत कोंबलं, पिशवी बाकाखाली ढकलली आणि वर पाय ठेवून बसली. हुज्जत कुणाकडून शिकली, ते मी तुला विचारणार नाही.

पहिले काही तास कसे गेले ते विचारू नकोस. तिने किती वाजले हे चौदा वेळा विचारलं. पायाची बोटं मोजली, माझी मोजली, समोरच्या झोपलेल्या गृहस्थांची मोजायला निघाली तेव्हा मी डोळे वटारले. माझी अवस्था तिच्याहून वाईट होती. हात मांडीवर ठेवले की परक्याचे वाटत. आयुष्यात गाडीत मी कधी नुसती बसलेच नव्हते. तुला माहीत आहे, छापखान्यात मी सत्तावीस वर्षं प्रुफं तपासली, त्यातली एकोणीस रेल्वेच्या वेळापत्रकाची. आकड्यांखाली लोखंडी पट्टी धरायची, ओळ तपासून झाली की पुढे लाल पेन्सिलीचा ठिपका द्यायचा, पट्टी एक ओळ खाली. प्रवासात सुद्धा मांडीवर पाटी, पाटीवर प्रूफ. सगळ्या गाड्यांच्या वेळा मला पाठ होत्या, पण एकाही स्टेशनाचा रंग विचारला असतास तर सांगता आला नसता.

साधारण अकराच्या सुमाराला भिंगरी गप्प झाली. रुसून नव्हे. काचेला कपाळ टेकून ती जी बसली, ती तिथे होतीही आणि नव्हतीही. मग माझंही काय झालं कोण जाणे. बाहेरच्या तारा खाली वाकत, खांब आला की वर उठत, पुन्हा वाकत, आणि माझा श्वास त्यांच्याबरोबर चालायला लागला. एका गच्चीवर कुणी बाई चादरी वाळत घालत होती. वाऱ्याने चादर फुगली आणि बाई तिच्यात नाहीशी झाली, मग गाडी पुढे गेली. ती अजून त्या चादरीतच आहे असं मला तासभर वाटत राहिलं. एक घर दिसलं, दार सताड उघडं, अंगणात एक खुर्ची, माणूस नाही. एका लहान स्टेशनावरचं घड्याळ बंद होतं, तरी त्याच्याखाली उभा असलेला माणूस मान वर करून वेळ बघत होता. ऊन समोरच्या बाकावरून सरकत माझ्या गुडघ्यावर आलं, पोटावर आलं, निघून गेलं. मी जागी होते, पण असं जागेपण मला ठाऊक नव्हतं. त्यात कधी तुझे बाबा धरणाच्या कामावरचं पिवळं हेल्मेट काखेत धरून फलाटावर उभे दिसत, कधी माझी आई उंबऱ्यात बसून नखं काढताना दिसे. कुणी काही मागत नव्हतं. येत होती, जात होती.

जेवणानंतर भिंगरीने सहज विचारलं, की मम्मी लहान असताना गाडीत काय करायची. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की सुट्टी लागली की आम्ही दोघी याच गाडीने तुझ्या आजोबांकडे धरणावर जायचो. तुझी मम्मी दिवसभर काही न करता बसायची. ना खेळ, ना गोष्टीचं पुस्तक, ना तक्रार. ती म्हणाली, आणि तू? मी म्हटलं, मी काम करायचे. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोघी नाही बसायचात. मम्मी एकटीच बसायची." आणि पुन्हा खिडकीकडे वळली. तिला त्यात टोमणा मारायचा नव्हता. पेरूला पेरू म्हणावं तसं म्हणाली.

संध्याकाळी सूर्य पलीकडच्या खिडक्यांतून आडवा डब्यात शिरला होता. रुळांचा आवाज एकदम पोकळ झाला आणि भिंगरीने माझा हात ओढला. "आजी, बघ, आपण खाली चाललोय."

बयो, मी घड्याळ पाहिलं नाही. मला गरज नव्हती. पाच एक्केचाळीसला एक स्टेशन येतं, सहा तीनला दुसरं, आणि त्या दोन आकड्यांच्या मधे एक नदी आहे हे वेळापत्रकाने मला एकोणीस वर्षांत सांगितलं नव्हतं. मी खाली पाहिलं. संथ पाण्यावरून आमच्या गाडीची लांबच लांब सावली चालली होती. सूर्य खिडक्यांतून आरपार जात होता, म्हणून सावलीत उजेडाचे चौकोन होते, आणि एका चौकोनात दोन डोकी होती, एक मोठं, एक लहान. भिंगरीने हात हलवला, पाण्यातल्या लहान डोक्यानेही हलवला. मग तिने माझं मनगट धरून माझा हात वर केला. पूल संपला तरी तो तसाच वर होता.

हेच शब्द तू म्हणाली होतीस. सात वर्षांची होतीस. "आई, बघ, आपण खाली चाललोय." मी तेव्हा वर न बघता म्हटलं होतं, गप्प बस, काम चाललंय. इतकी वर्षं मला ते पोराचं काहीतरी बरळणं वाटत होतं.

पुढचं तुला पाठ आहे. दोन महिन्यांनी वेळापत्रक छापून आलं, त्यात दुपारी दोन पन्नासची गाडी पाच पन्नासची झाली होती. पहिल्याच दिवशी कितीतरी माणसं फलाटावर पोहोचली तेव्हा गाडी केव्हाच गेलेली. मला मेमो मिळाला. मी व्यवस्थापकांना सांगितलं, मुलगी मधे बोलली आणि ओळ सुटली. घरी येऊन तुलाही तेच सांगितलं. तुझ्या मामाने तुझं नाव 'गाडीचुकवी' ठेवलं आणि मी ते हसण्यावारी नेलं. पाहुणे आले की मीच तो किस्सा रंगवून सांगायचे. तुझ्या लग्नाच्या जेवणावळीत मामाने तो पुन्हा सांगितला, तेव्हा तू पाण्याचा ग्लास भरून घ्यायला उठून गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस. ते मी पाहिलं होतं. त्या वर्षापासून तू गाडीत कधी 'आई, बघ' म्हणाली नाहीस. फलाटावर बाबा विचारायचे, काय काय पाहिलंस गं, आणि तू म्हणायचीस, काही नाही. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ही अशी गप्प कशी झाली? मी म्हटलं, शहाणी झाली.

भिंगरीला पोचवलं त्या दिवशी दारात तू म्हणालीस, "नुसतं गप्प बसणं काय असतं ते मला विचार. माझ्या लेकीला ते नको. आता ती तुझ्याबरोबर प्रवास करणार नाही." मी चप्पल घालून निघून आले, कारण उत्तर तोंडाशी होतं आणि ते देण्याची हिंमत नव्हती. ते आता देते. त्या संध्याकाळी तू बोललीस म्हणून ओळ सुटली नाही. मला डुलकी लागली होती. झोपेत पट्टी घसरली आणि अकरा ओळी खाली जाऊन थांबली. तुझ्या हाकेने मी जागी झाले, आणि पट्टी जिथे होती तिथून पुढे वाचायला लागले. तू हाक मारली नसतीस तर सगळं पान तसंच गेलं असतं. मेमो आल्यावर मी ते प्रूफ काढून पाहिलं. अकरा ओळींपुढे ठिपका नव्हता आणि दोन पन्नासची गाडी त्या अकरांतली होती. प्रूफ गहाळ झालं असं मी छापखान्यात सांगितलं. गहाळ झालं नव्हतं. कामावर झोपणारी बाई म्हणवून घेण्यापेक्षा सात वर्षांच्या मुलीवर ढकलणं मला सोपं वाटलं. दुसऱ्यांच्या चुका लाल करण्यात जन्म गेला, आणि ही एक मी एकतीस वर्षं कपाटात ठेवली. मामाला काल फोन करून खरं सांगितलं. भिंगरीला माझ्याबरोबर पाठवायचं की नाही ते तू ठरव, मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. पण त्या पुलावरून एकदा तुझ्या शेजारी रिकाम्या हातांनी बसावं, आणि तू बघ म्हणालीस की बघावं, एवढं मला हवं आहे. त्यासाठी तुला आधी इकडे यावं लागेल, हे मला कळतं.

तुझीच,
आई

बाजूच्या डॉक्टरीणबाई उद्या तुझ्या गावी येत आहेत. त्यांच्या हाती या पत्रासोबत दिलं ते असं:
भिंगरीचा टॅब, चार्जरसकट. खणातून काढून पुसला आहे.
लोखंडी पट्टी, एक. मला आता नको.
प्रूफ, एक पान. अकरा ओळी ठिपक्याविना. मोजून घे.
पुढच्या महिन्याच्या बारा तारखेचं, पहाटेच्या गाडीचं तिकीट, एक. खिडकीचं. शेजारचं माझ्याजवळ आहे.