त्रेसष्ट रिकामे कप्पे

१४ जाने. १९४६, कोरेगाव

संक्रांत. घरोघर तिळगूळ, गोड बोला. मला गोड बोलायचं नव्हतं, म्हणून भिंत मोजली.

सोप्याची उत्तरेची भिंत. सात हात लांब, दीड हात जाड. थोरले दीर तक्क्याला टेकून बसतात तिथून मान वर केली की हीच दिसते. या भिंतीत कपाट बसवणार. कप्पे त्रेसष्ट. एका कप्प्यात एक पुस्तक मावेल एवढाच. पुस्तक मात्र एकही ठेवायचं नाही.

माझी त्रेसष्टच होती. वडिलांनी लग्नात सोनं कमी घातलं आणि दोन ट्रंका पुस्तकं दिली. बेचाळीसच्या एका भाषणापायी मी तुरुंगात गेले आणि मागे ती रद्दीत गेली, वजनावर. लढाईत कागदाला भाव होता. थोरल्यांनी स्वतः गाडीत घालून नेली, हे गल्लीने पाहिलं.

सुटून आले त्याच आठवड्यात वाण्याकडून शेंगदाणे आले. पुडीवर माझं अक्षर. चौदाव्या वर्षी समासात लिहिलेलं, "हे खरे कशावरून?"

दोन वर्षं झाली. शेंगदाणे अजून खात नाही.

१७ जाने.

म्हादू सुतार आला.

"आक्का, पुस्तकं दावा, म्हंजी माप घेतो."

"पुस्तकं नाहीत."

"मग कपाट कशाला?"

"नाहीत हे दिसायला."

कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली. म्हणाला, "आजवर भरायला कपाटं केली. हे पयलंच."

डोळे मिटून बसले आणि हातांना विचारलं. हातांना सगळं आठवत होतं. राज्यक्रांतीचा इतिहास : चार बोटं जाड, वीतभर आणि वर अंगठा उंच. संस्कृत कोश : मूठभर जाड. आयर्लंडच्या लढ्याचं : बारकं, करंगळीएवढं, पण कोपरे पितळी. म्हादू बोटांवर पट्टी ठेवून इंच लिहीत गेला. एकोणीस झाली. उरलेली उद्या.

२० जाने.

थोरल्यांच्या कानावर गेलं.

मागच्या महिन्यात साताऱ्याच्या सभेत लाउडस्पीकर बंद पडला, तरी शेवटच्या रांगेपर्यंत माझा आवाज गेला. आणि या घरात थोरल्या दिरांशी अकरा वर्षांत एक शब्द नाही. धाकट्या सुनेने थोरल्या दिरासमोर यायचं नाही, बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ते सोप्यात, मी दाराआड, मध्ये जाऊबाई.

ते : "म्हणावं, भिंत फोडली तर घर बसंल."

मी : "म्हणावं, बसायचं ते दोन वर्षांमागंच बसलं."

जाऊबाई : "आवं, मी काय तारऑफिस हाय? थेट बोला की एकदा!"



पुस्तकांचं विचारलं की ते "विकली" म्हणत नाहीत, "नाही विकली" म्हणत नाहीत. खाली मान. चोराला खाली मान शोभते. गेल्या वर्षी मी बाजारपटांगणात बोलले, "ज्ञान तागडीत घालणारे शाळेच्या कमिटीवर बसतात." नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. पुढच्या महिन्यात त्यांना कमिटीवरून काढलं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

हे फौजेत, परदेशी. पत्र महिन्याला एक. प्रत्येकात एक ओळ ठरलेली, "पुस्तकांचे फार वाईट वाटले, तरी दादाला क्षमा कर." भला माणूस. भल्या माणसांना काही कळत नाही.

३० जाने., सांगली

लाकडासाठी आले. सागवान कुठे मिळत नाही. विश्रामबागेत भावाकडे वडिलांचं लिहायचं मोठं मेज आहे, ते मागितलं.

"तायडे, मेज मोडणार? अगं, आबांचं मेज!"

"आबांची पुस्तकं नाहीत. मेजावर काय ठेवतोस, कप?"

खरंच कपच होते. दिलं.

संध्याकाळी बायकांची सभा. विषय दिलेला, स्त्रीशिक्षण. पंधरा मिनिटांनी लक्षात आलं, मी सूडावर बोलते आहे. टाळ्या खूप.

१२ फेब्रु.

फळ्या रेल्वेने पोचल्या. भिंत कोरून झाली. घरभर माती. थोरले तक्क्या घेऊन अंगणात चिंचेखाली बसतात. बसू देत.

म्हादूशी वाद. म्हणतो, कप्पे थोडे सैल ठेवा, पावसाळ्यात लाकूड फुगतं. शिवाय पुढेमागे लुगडी ठेवायला, पोराबाळांची कापडं ठेवायला...

"काही मावता कामा नये. पुस्तकाशिवाय काही नाही."

"आन् पुस्तकं न्हाईत."

"नाहीत."

"लय राग हाय गड्या," स्वतःशीच म्हणाला. रंधा मात्र हलक्या हाताने मारतो. आबांच्या शाईचा एक डाग फळीवर निघाला. तो घासू दिला नाही.

१९ फेब्रु.

ठरलं. प्रत्येक कप्प्याखाली चिठ्ठी. पुस्तकाचं नाव, खाली "रद्दीत विकले".

आणि दिवसही आपण होऊन चालत आला. ३ मार्चला वडूजची मंडळी इंदूला पाहायला येणार. थोरल्यांची एकुलती एक. मुलगा शाळामास्तर. मंडळी सोप्यात बसतील, तोंड उत्तरेला. खरा मास्तर असला तर वाचल्याशिवाय राहायचा नाही. वाचलं की विचारेल, कोणी विकली? मग थोरल्यांनी पाहुण्यांसमोर तोंड उघडावं. मला एवढंच हवं आहे. दोन शब्द. मी विकली.

२४ फेब्रु.

जाऊबाई स्वयंपाकघरात, पाठ माझ्याकडे.

"धाकल्या बाई, पोरीचा काय गुन्हा?"

"माझ्या पुस्तकांचा काय होता?"

सभेत हे खपलं असतं. इथे जाऊबाई तव्याकडे बघत राहिल्या आणि भाकरी करपली. करपलेली स्वतःच्या ताटात घेतली.

नंतर इंदू मागल्या दारी. "काकी, लावा तुमी चिठ्ठ्या. चिठ्ठी वाचून पळणारा असला तर आत्ताच पळू दे की."

या घरात हिलाच वाचायला शिकवलं मी. चिठ्ठ्या लिहायला बसले, आज सातच झाल्या.

२ मार्च

आज रीत मोडली.

दुपारी कपाट पुरं झालं. म्हादू नारळ घेऊन गेला. सोप्यात थोरले एकटेच, कपाटासमोर उभे. पदर डोक्यावर घेतला आणि उंबरा ओलांडला.  

"पुस्तकं का विकलीत?"

ते दचकले. सवयीने भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तिला म्हणावं..." मध्ये कोणी नव्हतं. शब्द तिथेच राहिले.

"उद्या पाहुण्यांसमोर विचारण्यापेक्षा आज विचारते."

आत गेले. पेटी उघडल्याचा आवाज. फौजेचं पत्र आणून खाली ठेवलं, हातात दिलं नाही. तेवढी रीत पाळली.

ह्यांचं अक्षर. साल त्रेचाळीस.

"दादास शि. सा. नमस्कार. तिच्यापायी इकडे माझी चौकशी झाली. हवालदारी जाईल. तिची सर्व पुस्तके तात्काळ घराबाहेर काढा, एकही ठेवू नका. मी सांगितले हे तिला कधी कळू नये, तुम्हास माझी शपथ आहे. तुमच्या नावावर जाऊ द्या, तुम्ही थोरले आहात."

दोनदा वाचलं.

"सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? तुमच्याशी बोलायची रीत न्हाई. आन् त्यानं शपथ घातलेली."

"जाऊबाईंना तरी?"

"हिला सांगितलं असतं तर सांजच्याला कोरेगावात दवंडी."

मी हसले नाही. ते थोडं हसले. मग म्हणाले, "कमिटीचं लागलं मनाला. शाळेचा आड आमी खणला हुता."

क्षमा मागता आली नाही. एवढे शब्द पाठ, त्यातला एक सापडला नाही.

३ मार्च

मंडळी आली. चिठ्ठ्या लावल्या नाहीत. मास्तर कपाटाकडे बघतच होता. "हे कशासाठी हो?"

थोरले म्हणाले, "धाकल्या सूनबाईंचं हाय. त्यांची पुस्तकं यायची हायत."

दाराआड उभी होते. हा माणूस भावासाठी गप्प राहिला होता, आज माझ्यासाठी खोटं बोलला.

मुलगी पसंत.

९ मार्च

ह्यांचं पत्र. फौजेतून मोकळे, महिनाअखेर घरी. शेवटी ठरलेली ओळ, "दादाला क्षमा केलीस ना?"

दोन वर्षं हा माणूस दर महिन्याला हे वाक्य लिहीत आला. 

माझा राग थोरल्यांच्या अंगावर मापून शिवलेला. आता उसवून दुसऱ्याच्या मापाचा करायचा. जमेल.

चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. "रद्दीत विकले" काढलं. नुसती नावं. त्रेसष्ट पूर्ण.

२८ मार्च

हे आले. बारीक झालेत, कानशिलं पांढरी. इंदूला चॉकलेट, जाऊबाईंना फौजी घोंगडी, दादांच्या पाया पडले. दादांनी उठवून उराशी धरलं. ते मला बघवलं नाही.

मग कपाट दिसलं. "वा! माझ्या सामानाची सोय केलीस!"

ट्रंक उघडली. टोपी ठेवू पाहिली, मावेना. दाढीचा मग, मावेना. घडी केलेला शर्ट दाबून बसवला, परत बाहेर आला.

"म्हादूनं माप चुकवलंय."

"माप बरोबर आहे."

ह्यांनी दादांकडे पाहिलं. दादा अंगणाकडे बघत होते.

२९ मार्च

सकाळी कणकेची खळ शिजवली. वाटी आणि चिठ्ठ्या त्यांच्या पुढे ठेवल्या.

"एकेक मोठ्याने वाचा आणि लावा. वरून, डावीकडून."

थट्टा वाटली त्यांना. पहिल्या चार खणखणीत, कवायतीच्या आवाजात. पाचवीला आवाज उतरला. बाराव्या चिठ्ठीला बोटं खळीत तशीच राहिली.

"दादानं सांगितलं?"

"तुमच्या अक्षराने सांगितलं."

"चौकशी लागली होती. गोऱ्या साहेबानं तुझं भाषण इंग्रजी करून मला वाचून दाखवलं. सगळे ताठ उभे आणि मी..." थांबले. "म्हटलं, पुस्तकं काय, परत घेता येतील."

"दादांची अब्रू कुठल्या दुकानात मिळते, ते सांगा. मी घेऊन येते."

त्यांनी तेरावी उचलली. मी म्हटलं, मोठ्याने. वाचली. त्रेसष्ट होईपर्यंत मी उभी होते. मधे पाणी मागितलं, ते इंदूने दिलं. मी नाही.

वाटलं होतं, बरं वाटेल. वाटलं. दुपारपर्यंत.

३१ मार्च

हे म्हणाले, "पाडव्याला भावकी जमेल. कमिटीवालेपण येतील. सोप्यात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो, मी विकायला लावली. दादाचं नाव मोकळं करतो."

हेच हवं होतं. दोन वर्षं हेच.

"पण मला चार माणसांत बोलता येत नाही, तुला माहीत आहे. तू लिहून दे. तू लिहिशील तो शब्दन् शब्द पाठ करतो. काही लिही, अगदी शिव्या लिही."

एवढं बोलून उठून गेले. हे मला सुचलं नव्हतं.

२ एप्रिल

उद्या पाडवा. सकाळपासून कागद घेऊन कपाटासमोर बसले आहे.

पहिलं वाक्य लिहिलं, "मी भ्यालो, आणि माझ्या भीतीची किंमत माझ्या भावाने भरली." खोडलं. फार चांगलं आहे. याने बायका डोळे पुसतील, म्हातारे म्हणतील, माणूस खरा मोठा, कबूल करायला छाती लागते. दहा मिनिटांत माफ. भाषण करून सुटायचं कसं हे माझ्याइतकं या तालुक्यात कोणाला कळतं? ती वाट मीच त्यांना आखून देऊ?

मग ओबडधोबड लिहिलं. रडकं, अर्धवट, कोणाला पटू नये असं. तेही खोडलं. हे कोणाला पटलं नाही तर लोक म्हणतील, भावाला वाचवायला फौजी खोटं बोलतोय. थोरले होते तिथेच राहतील.

चांगलं लिहिलं तर एक सुटतो. वाईट लिहिलं तर दुसरा अडकतो.

थोरले आज तक्क्या घेऊन सोप्यात परतले. माझ्याकडे न पाहता, जाऊबाईंनाही मध्ये न घेता म्हणाले, "दिवा लावा, डोळं जातील."

हे दोनदा डोकावून गेले.

"झालं?"

"नाही."

"पाठ करायला येळ लागतो मला."

"माहीत आहे."