उजेडाचा दोष

मुंबई,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २००३

ती. संजीवनीताईस,

सुप्रियाचा नमस्कार. मी बरी आहे. भात झोडून झाला का? भावोजींचा खोकला?

आधी माझी चूक. दिवाळीच्या पत्रात मी लिहिलं होतं की अंकिताच्या पेशींतले मायटोकॉन्ड्रिया विझतात. ते चुकीचं आहे. तुझ्या लेकीच्या पेशी विझत नाहीत, ताई. हे वाक्य पुन्हा वाच, मग पुढचं.

पेशीला शक्ती पुरवणारे हे बारीक धागे. त्यांना रंग पाजून निळा उजेड टाकला की ते जिवंतपणी चमकतात. अंकिताच्या कातडीच्या नमुन्यातून वाढवलेल्या पेशी मी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, आणि बघता बघता धागे तुटले, चमक गेली. मी घाबरले. हे धागे आईकडूनच मुलात येतात, असंही तुला लिहून बसले. “पोर पडते त्यात नवल काय, हिच्या माहेरच्या बियाण्यातच खोट हाय. दुसऱ्या कुणाला दोष नको,” असं तुझ्या सासूबाई बोलल्याचं कळलं, तेव्हापासून मला जेवण जाईना.

मग बाबा आठवले. पेरणीआधी बियाणं ओल्या गोणपाटात रुजवून बघायचे, तेव्हा आपल्या पुरचुंडीशेजारी कुशाबाकाकांच्या भाताचीही ठेवायचे. “दोन्ही रुजलं नाय तर दोष गोणपाटाचा गो, भाताला कशाला शिव्या?” मी शेजारी काहीच ठेवलं नव्हतं. या आठवड्यात एका धडधाकट मुलीच्या पेशी ठेवल्या. त्याही विझल्या! उजेड माझाच जास्त होता. दिवा मंद केला, मधे मधे बंद ठेवला, तर दोघींचे धागे शेवटपर्यंत चमकत राहिले.

प्रयोगशाळेतले सर म्हणाले, “बाई, पेशींना वैशाखाच्या उन्हात उभं केलंत होय?” मी रडत होते आणि हसतही होते.

अंकिता का पडते, हे मला ठाऊक नाही. ते डॉक्टरांनी सांगायचं. पण ते तुझ्यातून आलं, असं म्हणायला माझ्याकडे आता काहीही नाही.

आणखी एक. बिरवाडीच्या जितेशला मी लग्नाला नकार कळवला, तो शिक्षणासाठी नव्हे. तुझ्यात दोष, तर माझ्यातही असणार, असं वाटलं. कुणाला बोलले नाही. तो अजून थांबलाय, असं बाबा म्हणतात.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवू नकोस. लिहून केलेलं मी तोंडाने निस्तरीन. वीर स्टेशनला उतरून थेट तुमच्या कापड्याला येते, त्यांच्या ओटीवर बसून त्यांनाच सांगते. मग बाबांकडे, जितेशचं बोलायला. रविवारी, २३ तारखेला.

तुझ्याच आईची लेक,
सुप्रिया