नव्या पट्टीचं कोरं रबर

प्रिय बारक्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धड आहेत. फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि माझी अर्धी वाक्यं घशातच राहतात, म्हणून कागद घेतला. सकाळपासून कितीदा लिहायला बसले आणि उठले. एकदा वर्कशॉपमधला भुसा झाडला, मग झाडलेलीच जमीन परत झाडली. हातपाय एका जागी ठरत नाहीत बघ.

बातमी अशी, की शाळेच्या वाचनालयाची टेबलं आपल्याला मिळाली. हो, तीच, ज्यांच्यासाठी बाबांनी एवढे खेटे घातले. आठ फुटी फळ्या, वर महागाच्या व्हिनियरचा पातळ पापुद्रा, कडेचा एक टवका उडाला की अख्खी फळी वाया. सोमवारी चिरायला घ्यायच्यात, आणि मशीनच्या नावानं बोंब. तू भांडून ट्रॅक सॉचं कापायचं मशीन उचलून निघालास तेव्हा आपण वाटणी काय झोकात केली! मशीन तुझं, ते सरळ सरकवायच्या दोन्ही पट्ट्या माझ्या. पट्टी नसली की मशीन वाट फुटेल तिकडे जातं आणि मशीन नसलं की पट्टी नुसती भिंतीला टेकून उभी राहते, हे काय आपल्याला माहीत नव्हतं? पण रागात माहीत असलेलं आठवतं कुणाला!

आधी शेजारच्या गाळ्यातल्या खिडकीवाल्याचं मशीन मागून आणलं, दुसऱ्या कंपनीचं. आपल्या पट्टीवर बसलं, मला वाटलं, चला, सुटलो. ढकलायला लागले तर खुळखुळतंय. मशीनच्या खालची खाच पट्टीच्या उंचवट्याहून रुंद. बाजूचे स्क्रू पिळून ढिलाई काढली, तर पातं पट्टीच्या कडेपासून सूतभर लांब चाललेलं. तुला आठवतं ना, पट्टीच्या कडेचं रबर आपण पहिल्याच दिवशी तुझ्या मशीननं कापून घेतलं होतं? पलीकडचं टोक बाबांनी दाबून धरलं होतं, आणि रबराची जी लांब दोरी निघाली ती गळ्यात घालून ते दिवसभर मिरवत होते. तेव्हापासून रबराची कड जिथं, तुझं पातं तिथं. खिडकीवाला म्हणाला, रबर बदलून टाक, माझ्या मशीननं नवं कापून घे, पाच मिनिटांचं काम. मी त्याचं मशीन तिथल्या तिथं त्याच्या हातात दिलं आणि चहालाही विचारलं नाही. बिचारा! त्याचं काय चुकलं होतं?

मग ठरवलं, नवा संचच घ्यायचा, मशीन, पट्ट्या सगळं एकाच कंपनीचं. पण दुकानाच्या पायरीपर्यंत जायचे आणि माघारी फिरायचे. खरं सांगू? नवं मशीन घेणं म्हणजे तू आता येणार नाहीस ह्यावर मीच शिक्का मारून मोकळं होणं. ते माझ्याच्यानं होईना. आणि टेबलांचं काम तर थांबणार नाही.

मघाशी सगळे धड आहेत म्हणाले ते काही पूर्ण खरं नाही. बाबांचा उजवा हात थरथरतो हल्ली. कप दोन्ही हातांनी धरतात. तुला कळवायचं नाही अशी तंबी होती. दुपारी येऊन स्टुलावर बसतात आणि चुका काढतात. पट्ट्या उभ्या ठेवल्या तर बाक येईल म्हणून मला त्या आडव्या ठेवायला लावल्या. तुझा विषय काढला की मात्र चष्मा पुसायला लागतात.

काल शेवटी मनाचा हिय्या करून दुकानात शिरले. दुकानदारानं विचारलं, कुठलं मशीन आहे तुमच्याकडे? नवं घ्यायला आलेय म्हणायचं सोडून मी तुझ्या मशीनची कुळकथा सांगत बसले, पार हँडलवरच्या ओरखड्यापर्यंत. तो माणूस कामाचा निघाला. त्यानं त्याच मशीनला बसेल अशी, जोड नसलेली लांब पट्टी काढली, तिच्या खालच्या खाचेत सरकतील असे, पट्टी फळीला आवळायचे दोन क्लॅम्प काढले, वर बजावलं की ह्याला दुसऱ्या कंपनीचं काही लावू नका. मीही शहाण्यासारखी मान डोलावून सगळं टेम्पोत चढवून आणलं. दारात बाबांनी विचारलं, मशीन कुठंय? तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मला वाटलं, आता बसतात बोलणी. पण बाबांनी नव्या पट्टीच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ह्याचं रबर कोणाला कापू देऊ नकोस. बारक्याचं मशीन येऊ दे." तू गेल्यापासून तुझं नाव पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं रे.

म्हणून हे पत्र. खिडकीवाला माल पोचवायला तुझ्या गावी येतोय, त्याच्याच हाती देतेय. त्याला चहा पाज, माझ्याकडून राहिलाय. रविवारी मशीन घेऊन ये. राहा म्हणत नाही, ते तुझं तू बघ. पहिला काप तेवढा तुझ्या हातचा होऊ दे. पलीकडचं टोक मी धरते म्हटलं, पण बाबा काही मला धरू देणार नाहीत, सकाळपासून स्टूल त्याच बाजूला सरकवून बसलेत. तेव्हा ढकलताना जरा सावकाश ढकल.

तुझीच,
तीन पट्ट्या आणि शून्य मशीनवाली ताई