डब्यात न गेलेला शब्द

३ जून

चि. चिंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पन्नाशी उलटली तरी तुला चिंगीच म्हणते, रागावू नकोस. बातमीच तशी आहे. शाळेची पुस्तकं छापणारे प्रकाशक परवा घरी येऊन गेले. विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश काढायचाय आणि तो मीच करावा असा त्यांचा हट्ट. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, ते कुणाच्या तरी नजरेत भरलं म्हणायचं! जेवणाचं टेबल मी बळकावलंय. बुटांच्या सात खोक्यांत कार्डं लावलीत, एका कार्डावर एक शब्द. तुझे भावजी ताट मांडीवर घेऊन खिडकीत जेवतात आणि मला संपादकीणबाई म्हणतात.

बाबांची जाडी डिक्शनरी दिवसभर टेबलावर, रात्री उशाशी. ती उघडली की बाबांचा पत्र्याचा डबा आठवतो. आठवडाभरात सापडलेला इंग्रजी शब्द चिठ्ठीवर लिहायचा आणि रविवारी सकाळी बाबांपुढे ठेवायचा. छापखान्यात मुद्रितं तपासून त्यांचे डोळे दुखायचे, म्हणून डिक्शनरी मी बघायची. शब्द सापडला की चिठ्ठी डब्यात. नाही सापडला की जिची तिने फाडायची. डबा कुणाच्या चिठ्ठ्यांनी भरला होता हे मी वेगळं सांगायला नको.

तर काम असं. हा कोश तंत्रशाळेतली मुलंही घेतील, म्हणून प्रकाशकांना कारखान्यातले दहा-बारा शब्द हवेत. तुझ्या त्या हत्यारांच्या दुकानातून जमतील तसे पाठव. अर्थ मराठीत लिही, इंग्रजीचं मी बघते. मॅट्रिकला इंग्रजीत तुला किती मार्क पडले ते मी कोशात छापणार नाही, काळजी नसावी.

गुडघ्याला तेल लावतेस ना? लोभ आहेच, त्यासाठी डिक्शनरी बघायला नको.

तुझी
ताई

१६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अभिनंदन. अगदी मनापासून करणार होते, पण मार्कांचा विषय काढलास आणि निम्मं मन परत घेतलं.

आणि दुकान नाही गं बाई, टूल स्टोअर! चोवीस वर्षं सांगतेय, पालथ्या घड्यावर पाणी. तू एकदाही आली नाहीस, तुला कळणार कसं? जाळीच्या खिडकीमागे मी बसते. माझ्या पाठीमागे भिंतभर खिळे, प्रत्येक खिळ्याला एक हत्यार. कामगार येतो, आपल्या नंबराचा पितळी बिल्ला देतो आणि हत्यार नेतो. तो बिल्ला मी रिकाम्या खिळ्याला अडकवते. हत्यार परत आलं की बिल्ला परत. भिंतीकडे नुसतं बघितलं तरी कुणाची वस्तू कुणाकडे आहे ते कळतं. मोठ्या साहेबांनाही बिल्ल्याशिवाय साधा पाना मिळत नाही. मलासुद्धा नाही, माझाही बिल्ला आहे. कधी येतेस ते कळव, गेटवर सांगून ठेवीन.

दहा-बारा म्हणालीस, मी एकशे चाळीस पाठवतेय. हसू नकोस. नवीन माणसं खिडकीवर येऊन ते हे द्या, ते गोल द्या असं करतात, म्हणून मी तीन वर्षं अर्थ लिहून ठेवत होते. कार्डांवर नीट उतरवले. नमुना बघ. बर: लोखंड कापलं की कडेला राहते ती बारीक धार, डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. शिम: दोन भाग घट्ट बसत नसले की मधल्या फटीत सारायचा पातळ पत्रा. बॅकलॅश: चाक फिरवलं तरी पुढचं चाक जरा वेळ हलत नाही, तेवढा दात्यांमधला ढिलेपणा.

एक सांगू? लिहिताना फार बरं वाटलं. बाबांनी डिक्शनरी तुला दिली त्या दिवशी मी हसून टाळ्या वाजवल्या होत्या, पण आतून नुसती जळत होते. अजूनही तुझ्याकडे आले की मी आधी ती कुठे आहे ते बघते. हातात मागितली की तू दुसरंच काहीतरी काढतेस. असो. माझी कार्डं बाबांच्या डिक्शनरीशेजारी पडतील, एवढ्यावरच मी खूश आहे.

भावजींना टेबलाचा एक कोपरा तरी दे. आशीर्वाद असू देत, लाल शाई नको.

तुझी
चिंगी

३० जून

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

कार्डं पोचली. अक्षर सुधारलंय. मेहनत घेतलीस हे दिसतंच, पण मी मोठी बहीण आहे आणि गोड बोलून फसवणं मला जमत नाही. एकशे चाळीसातली दोन ठेवली, हॅमर आणि ड्रिल. उरलेली वेगळ्या पार्सलने परत करते.

हे बघ, इंग्रजी म्हणजे माणसं एकमेकांशी बोलतात ती भाषा. तिच्यात पत्रं लिहितात, भांडतात, लग्नं ठरवतात. तुझ्या शब्दांनी यातलं काय होतं? ती यंत्रांची खुणेची बोली आहे. उद्या सुतार, नळवाला, विजेचा माणूस सगळेच आपापली पोतडी घेऊन आले तर कोश ठेवायचा कुठे? हातोडा घरात असतो म्हणून त्याला कुणी घरचं माणूस म्हणत नाही. आणि घरचा नियम तुलाही पाठ आहे. बाबांच्या डिक्शनरीत नाही तो शब्द नाही. एकेक कार्ड मी पडताळून बघितलं.

प्रकाशकांचंही हेच मत आहे. तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. तुझं काम तू छान करतेस, माझं मला करू दे.

पावसात भिजू नकोस. माया आहे म्हणून स्पष्ट लिहिलं, तशीच ती धरून ठेव.

तुझी
ताई

८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. मग चहा घेतला, पुन्हा वाचलं, पुन्हा झाला.

काल एक जण खिडकीवर धावत आला आणि त्याने शिम मागितली. मशीन थरथरत होतं. मी त्याला सांगायचं होतं का, की थांब बाबा, माझ्या ताईच्या मते हा शब्दच नाही? त्याने मागितली, मी दिली, मशीन शांत झालं. शब्दाने आणखी काय करायचं असतं? तुझ्या खोक्यांतले निम्मे शब्द तू तरी वर्गाबाहेर कधी तोंडातून काढलेस? आम्ही बोलतो ती माणसं नाहीत का? आमचे हात काळे म्हणून शब्दही काळे झाले?

सगळी कार्डं जाऊ देत चुलीत. एकाच शब्दाचं विचारते. फेरूल. मी आठ वर्षांची होते. शेजारच्या सुतारकाकांनी लाकूड तासायच्या पटाशीच्या मुठीवरचं पितळी कडं दाखवून मला तो शब्द दिला होता. लाकडी मूठ फुटू नये म्हणून तिच्या तोंडाशी ते कडं बसवतात. पेन्सिलीला खोडरबर धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी असते ना, तीसुद्धा फेरूलच. आठवडाभर तो शब्द मी जपून ठेवला होता, डब्यातली माझी पहिली चिठ्ठी असणार म्हणून. रविवारी तू पान उघडलंस, बोट फिरवलंस आणि म्हणालीस की नाही, असा शब्दच नाही. नियमाप्रमाणे मी चिठ्ठी फाडली. तुम्ही सगळे नाश्त्याला बसलात, मी मोरीत जाऊन रडले.

त्यानंतर मी कधी चिठ्ठी लिहिली नाही. इंग्रजी माझं नाही, ताईचं आहे, हे त्याच दिवशी ठरलं. पुढचे मार्क तर तुला पाठच आहेत.

गेल्या आठवड्यात तंत्रशाळेच्या वाचनालयात गेले होते. तिथल्या डिक्शनरीत फेरूल आहे. म्हणजे शब्द खरा आहे. बाबांची प्रत जुनी, तिच्यात नसेलही. पण तू एकदा बघ आणि काय असेल ते मला खरं कळव. नसला तर मी गप्प बसेन, पुन्हा कोशाचं नाव काढणार नाही.

राग आहे, पण नमस्कार नेहमीचाच.

चिंगी

२० जुलै

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. घेतलेस तर.

मला डिक्शनरी बघावी लागली नाही. शब्द तिच्यात आहे. पान ४११, डावीकडे, वरून सहावा. तेव्हाही होता.

आधी जवळचं सांगते. प्रकाशकांचं मत मी तुला खोटं लिहिलं. ३० जूनचं पत्र लिहिण्याच्या आदल्याच दिवशी ते आले होते. माझी दोन हजार कार्डं त्यांनी चाळली आणि छान म्हणाले. मग त्यांच्या हाताला तुझी लागली. ती ते उभ्याने वाचायला लागले. बॅकलॅश दोनदा मोठ्याने वाचलं, तुझ्या भावजींना खिडकीतून बोलावून ऐकवलं, दोघं हसले. सगळीच्या सगळी घ्या म्हणाले, आणि कव्हरवर माझ्या शेजारी तुझं नाव हवं म्हणाले. मी म्हटलं की हे खरं इंग्रजी नव्हे. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. पार्सल मी बांधून ठेवलं होतं, टाकलं मात्र नाही. हिंमत झाली नाही.

मी जळले, चिंगे. साठी जवळ आलेली बाई, डोळ्यांवर चष्मा, समोर सात खोकी, आणि मी तुझ्या एकशे चाळीस कार्डांवर जळले. मला आयुष्यभर नुसतं छान एवढंच मिळालं. रविवारी माझा शब्द सापडला की बाबा बरोबर म्हणायचे आणि चिठ्ठी डब्यात टाकायचे, बस्स. तू कुठून कुठून काय काय उचलून आणायचीस, चुकीचं म्हणायचीस, तरी बाबा पोट धरून हसायचे आणि तुला मांडीवर घ्यायचे. फेरूल म्हणालीस तेव्हा त्यांनी आपल्या कानावरची पेन्सिल काढून तिची पट्टी तुझ्यासमोर धरली होती, आठवतं? माझ्यासाठी त्यांनी कधी कानावरची पेन्सिल काढली नव्हती. मी पान उघडलं, शब्दावर माझं बोट होतं, आणि मी नाही म्हणाले. चौदा वर्षांची घोडी होते मी, न कळण्याचं वय नव्हतं.

आता पुढचं. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, बाबांनी भिंग घेऊन स्वतः बघितलं. केरातून तुझी चिठ्ठी उचलली, चारही तुकडे कागदावर चिकटवले आणि त्याच पानात ठेवले. मी आपणहून तुला सांगेन याची वाट बघत राहिले. बावीस वर्षांपूर्वी सगळ्यांदेखत डिक्शनरी माझ्या हातात दिली तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास. तू गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं आणि सांगितलं, की ही तुला हुशार म्हणून देत नाही. हिच्यात चिंगीची एक चिठ्ठी राहिलीय, ती तुझ्या हाताने तिला दे. मग डिक्शनरी दोघींनी वापरा.

आज देऊ, उद्या देऊ करत बाबा गेले. मग तर देणं आणखीच अवघड झालं. तू मागायचीस आणि मी दुसरं काहीतरी काढायची, ते यासाठी. खाई त्याला खवखवे. यंत्रांची बोली आणि नळवाल्याची पोतडी वगैरे जे लिहिलं ते सगळं त्या एका पानावर पांघरूण घालायला. तुझे शब्द खरे आहेत की नाहीत हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

डिक्शनरी रजिस्टर पार्सलने पाठवतेय. चिठ्ठी जागच्या जागी आहे. कार्डं एकशे चाळीसही प्रकाशकांकडे दिली, एकशे एक्केचाळिसावं तू लिही.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.

ताई

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. दोन दिवस उघडलं नाही. त्या दोन दिवसांत तुला मनातल्या मनात जे बोलले ते कुठल्याच डिक्शनरीत नाही.

काल जेवणाच्या सुट्टीत खिडकी लावून घेतली आणि पान ४११ काढलं. माझं वेडंवाकडं अक्षर, चार तुकडे, आणि खाली बाबांची लाल पेन्सिल: शब्द आहे. चिंगीचा. एवढंच. मी इतकी रडले की दार वाजवून लोक विचारायला लागले, कुणी गेलं का म्हणून.

बावीस वर्षं मी त्या बक्षिसावर जळले आणि ते बक्षीस नव्हतंच. माझी पहिली चिठ्ठी तू उशाशी घेऊन झोपत होतीस. कशी गं झोप लागायची तुला? माफ केलं असं लिहीत नाही, कारण अजून केलेलं नाही. तू खरं लिहिलंस एवढं मात्र मी धरून ठेवलंय. कव्हरवर माझं नाव हवंच, आणि तुझ्या शेजारी हवं, खाली नको. फेरूलचं कार्ड सोबत आहे. त्यात एक शब्दही बदलायचा नाही.

डिक्शनरी मी घेतली. आमच्याकडे वस्तू घेतली की बिल्ला द्यावा लागतो, म्हणून माझा बिल्ला पाठवतेय, नंबर सत्तावीस. उशाशी खिळा ठोक आणि त्याला अडकव, जागा रिकामी दिसायला नको.

पण फार दिवस ठेवू नकोस. त्याच्याशिवाय मला माझ्याच खिडकीतून पाना मिळत नाही, आणि परतीच्या टपालावर माझा भरवसा नाही. तो तुलाच घेऊन यावं लागेल. लोभाचं काय करायचं ते आलीस की बघू.

गेटवर टूल स्टोअर म्हणून विचार. दुकान म्हणालीस तर कुणी आत सोडणार नाही.

तुझी
चिंगी