फोटोतला पदर

माय, मी कोण ते आठवते ना? का तेही विसरली? तुहा काही भरवसा नाई. भाजीत मीठ टाकलं का नाई, तेच तुले आठवत नसे. म्हणून दोनदा टाकायची, अन बाप लोटाभर पाणी पीत पीत जेवायचा. मी तुही लहानी पोरगी. आता तुह्याहून म्हातारी झाली. अक्षर मले तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाई. मी बोलून राहिली अन नात लिहून राहिली. मधातच हिंदी घुसवते, मग मी रागावते.

परवा तिनं मले सिविक सेंटरात नेलं. तिथं एक घर आहे, आपला लोखंडाचा कारखाना कसा उभा झाला ते दाखवणारं. पहिले तिथं इंजिनेर लोकांचे नकाशे राहत होते म्हणे. मग जुन्या वस्तू आल्या, मग चित्रं. दारातच काचेत भट्टी ठेवली आहे. जिच्याखाली आपण मुंग्यांसारखे दिसायचो, ते आता मांडीवर घेता येईल एवढी! रशियन साहेबाचा टोप आहे, रुळाचा तुकडा आहे, बस्तरचे पितळी हत्ती आहेत. हत्ती मले आवडले, पण मी त्यांच्यासाठी गेली नव्हती. बांधकामावरच्या रेजांचे, तुह्यासारख्या माती वाहणाऱ्या बायांचे, मोठे फोटो लागले आहेत, असं नातीनं सांगितलं होतं. अन आपल्या घरी तुहा एकही फोटो नाई.

भिंतीवर बायांची रांग होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीचं घमेलं. छत्तीसगढी बाया, तेलुगू बाया, साऱ्या दात दाखवून हसून राहिल्या. अन मधात एक कासोट्याचं लुगडं नेसलेली, हनुवटीपर्यंत पदर ओढलेली. मी काठी आपटली, "हीच माही माय!" चौकीदार धावत आला, "दादी, क्या हुआ?" नात म्हणे, "आजी, चेहरा त दिसूनच नाई राहिला. ओळखलं कसं?" अवं, चेहरा नाई म्हणूनच त ओळखलं.

तो दिवस मले लख्ख आठवते. मी मातीच्या ढिगाच्या सावलीत भाकरीचं गाठोडं धरून बसली आहे. फोटोवाल्याच्या बाजूले मुकादम उभा आहे, माह्या बापाचा मोठा भाऊ, तुहा भासरा. भासऱ्यासमोर तोंड कसं उघडं ठेवावं? फोटोवाला ओरडते, "ओ बाई, घूंघट उठाओ!" तू पदर आणखी खाली ओढते. घरी जाताना मी विचारलं, "माय, फोटोत तोंड कावून नाई दिलं?" तू म्हणाली, "फोटोत पाहून काय करशीन वं? तोंड त घरीच आहे."

किती दिवस होतं वं घरी? भट्टी पेटली अन तू तापात गेली.

नातीनं मोबाइलमधी तो फोटो घेतला, बोटानं ताणून ताणून मोठा केला. लुगड्याचं सूत न् सूत दिसलं, पदर काही वर झाला नाई. भासरा मेला, त्याची मुकादमी गेली. आता कोणाले लाजून राहिली?

नात विचारते, पत्ता काय टाकू. म्हटलं, पत्ता कुठचा, चिठ्ठी गव्हाच्या कोठीत ठेवून दे. खरं सांगू माय, विसरभोळी तुले म्हणते, पण तुहं तोंड मलेच आठवत नाई. स्वप्नात एखादी बाई आली त मी कशी ओळखू? म्हणून पहिले जवसाची चटणी पाठवजो. मीठ दोनदा टाकजो. मग मी ओळखीन.